चार ठोक्यांची जागा

१

माझी लेक ओपल साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. त्या उन्हाळ्यात माझी झोप गेली ती या एका काळजीने. तशा काळज्या माझ्याकडे पुष्कळ होत्या, पण बाकीच्या मी दिवसा उरकून घेत असे.

डॉक्टरांनी तिच्या कानामागे चमचा वाजवला, घशात दिवा धरला, आणि म्हणाले, "ऐकू येतं, समजतं, जीभ मोकळी आहे. बोलण्यासारखं काही सापडलं की बोलेल." या एका वाक्यावर मी अकरा रात्री काढल्या. साडेतीन वर्षांत माझ्या घरात बोलण्यासारखं काहीच सापडू नये?

सासूबाईंचा उपाय वेगळा होता. आमच्या बैठकीत पितळी कर्ण्याचा जुना फोनोग्राफ होता. रोज दुपारी जेवणाआधी त्या ओपलला समोर चटईवर बसवत, किल्ली देत आणि एकच तबकडी लावत. 'ये गं आता घरी' हे गाणं आमच्याकडे कुणाला माहीत नाही असं नाही. आई ओसरीवरून लेकीला हाका मारते, "दिवे लागले, ताट वाढलं, ये गं आता घरी," आणि वाद्यं एकदम थांबतात. चार ठोके शांतता. मग पुढचं कडवं. नाटकगृहात त्या चार ठोक्यांत सगळे प्रेक्षक ओरडत, "आले गं आई!" तबकडीतसुद्धा ती जागा मोकळी ठेवलेली असे, आणि नदीच्या दोन्ही काठांवर, वाढदिवसाला, चर्चच्या सहलीला, माणसं ती मोठ्या हौसेने भरत. माझे वडील तर तोंडात मक्याचं कणीस असताना भरत.

आमच्या घरात मात्र ती जागा रिकामी राही. सासूबाई श्वास रोखून ओपलच्या तोंडाकडे बघत बसत. आज बोलेल. उद्या बोलेल. माझा नवरा वेस्ली फेरीबोटीवर असे, तो बिचारा भोंगा आणि घंटा यांच्याशीच बोलून दमलेला घरी येई. तो म्हणे, "करून बघू दे आईला. चार ठोक्यांनी काय होतंय?"

२

लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते. लग्न केलं की आमच्याकडे शिक्षिकेला घरी बसवतात, बहुतेक वर्गातली मुलं बिघडू नयेत म्हणून. मग मी नदीकाठच्या तबकड्यांच्या कारखान्यात लागले. काम कानाचं. प्रत्येक नमुना तबकडी विक्रीला जाण्याआधी एका बंद खोलीत बसून ऐकायची आणि कार्डावर दोष लिहायचे: खोकला, खुर्चीची करकर, कर्ण्यात फुटलेला आवाज.

पाच वर्षांत मला एक निरुपयोगी विद्या आली होती. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सगळी माणसं एका मोठ्या कर्ण्याकडे तोंड करून उभी राहतात, कोण किती फुटांवर यावरच सगळं अवलंबून. गायक दोन फुटांवर, व्हायोलिन चार, पितळी वाद्यं पार मागे. तबकडी ऐकून मी सांगू शकत असे, हा माणूस कर्ण्यापासून किती फुटांवर उभा होता. पार्टीत करून दाखवावं असं काही नाही ते.

ऑगस्टमध्ये, गाड्या भरभरून टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्याकडे जात होते आणि सगळ्या शहराला त्यांचाच वास येत होता, तेव्हा हॅवरकँप माझ्या खोलीत आला. ध्वनिमुद्रणाचा प्रमुख तो. गायकांना कंबरेला धरून कर्ण्यापुढे ढकलायचं आणि मागे ओढायचं, हे त्याचं काम. त्यामुळे तो सगळ्यांशीच जरा ढकलाढकलीने बोले.

"ब्लॉव्हेल्ट बाई, 'ये गं आता घरी'चा साचा झिजला. नवीन घ्यायचंय. जुन्या चारही तबकड्या ऐका आणि मला तो विराम मोजून द्या. एक ठोका कमी झाला तर लोक पत्रं लिहितात."

"चार? मला वाटलं एकच आहे."

"क्रमांक एकच. साचा झिजला की नवा गायक आणायचा, आवाज कोरायला नवं मेण, तोच क्रमांक. गिऱ्हाइकाला काय कळतंय? तुमच्या घरातली कुठली आहे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. मी चारही तबकड्या आणि त्यांची कार्डं घेऊन बसले. १९०४, नदीपलीकडे फिलाडेल्फियात एका दुकानाच्या माडीवर, पुरुष गायक. १९०७, तीच माडी, दुसरा गायक. १९११, नदीच्या अलीकडे, आमच्या या इमारतीत, एक बाई. १९१७, इथेच, दुसरी बाई.

पहिल्या तबकडीत विराम आला. मी ठोके मोजत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मध्ये, फार लांबून, कुणीतरी बोललं.

मुलीचा आवाज. शब्द कळत नव्हते. अंतर कळत होतं: चाळीस फूट. कार्डावर खोलीची लांबी बावीस फूट लिहिली होती.

रस्त्यावरची पोर, मी म्हटलं. खिडकी उघडी असेल. कार्डावर जुन्या अक्षरात टीप होती: "विरामात बाहेरचं मूल? खिडक्या बंद होत्या. चालेल."

दुसरी तबकडी. तोच ठोका, तोच आवाज, वीस फूट. म्हणजे दाराच्या आत.

तिसरी. सात फूट. पियानोच्या जवळ. इमारत वेगळी होती, मध्ये एक नदी होती, आणि सात वर्षं गेली होती. आवाज मोठा झाला नव्हता. फक्त जवळ आला होता.

चौथी मी यंत्रावर ठेवली. मी स्वतःला म्हटलं, लेटी, तुला झोप नाही, तुझी मुलगी बोलत नाही, तुला प्रत्येक भांड्यात मुलीचा आवाज ऐकू येणार. हे सगळं मला पटलं. मग मी सुई ठेवली.

चौथ्यात शब्द नव्हतेच. कुणीतरी कर्ण्याच्या अगदी तोंडाशी उभं राहून बोलण्यासाठी श्वास आत घेत होतं.

३

हॅवरकँपने चारही ऐकल्या. नाक खाजवलं.

"मूल आहे खरं."

"कुठलं मूल?"

"त्या काळच्या लोकांनी मुद्दाम घातलं असेल. नमुना ऐकणाऱ्यालाही तेच वाटलं असणार, म्हणून पास झालं."

"मग कार्डावर नाव का नाही? तुम्ही लोक लोखंडी त्रिकोण वाजवणाऱ्याचंही नाव लिहिता. आणि वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही?"

"बाई, त्या जागी कोण ऐकतं? सगळा देश ओरडत असतो."

हे खरं होतं. ती जागा वीस वर्षांत कुणी ऐकलीच नव्हती. जिथे ती ऐकली जात होती, रोज, गप्प बसून, श्वास रोखून, असं घर मला एकच ठाऊक होतं.

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. शाळेची सवय, दिसलं ते लिहायचं. मी नव्या कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: "चारही आवृत्त्यांत विरामात मुलीचा आवाज आहे." कार्ड हॅवरकँपने वाचलं, आणि त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं.

"मग यात पण मूल पाहिजे. कान सरावलेत लोकांचे. तुम्हाला लेक आहे ना?"

"ती बोलत नाही."

"नुसता श्वास घेतला तरी चालेल. मागच्या वेळी तेवढंच तर आहे."

"नाही," मी म्हणाले. मी त्याला पहिल्यांदाच नाही म्हणत होते. त्याला ते नीट ऐकू गेलं नसावं. त्याचे कान गायकांसाठी होते.

४

त्या दुपारी मी जेवायच्या सुट्टीत धावत घरी गेले. सासूबाईंनी तबकडी लावली होती. मी दारातच थांबले आणि पहिल्यांदा तबकडीऐवजी ओपलकडे पाहिलं.

"...ये गं आता घरी."

ओपलने तोंड उघडलं. तबकडीतला श्वास आत गेला तेव्हा तिची छाती वर आली. पहिल्यांदा छाती, मग श्वास. नक्कल करणारं मूल नेहमी मागून येतं. तीस मुलांचा वर्ग सांभाळलाय मी, मला माहीत आहे. ही पुढे होती.

मी सुई उचलली. सुईने तबकडीवर आडवा ओरखडा काढला.

"अगं, काय केलंस!" सासूबाई उठल्या. "आत्ता बोलली असती! ओठ हलले तिचे!"

"आई, ही तबकडी पुन्हा लावायची नाही."

"का? तुझ्या कारखान्याची आहे म्हणून? पोरीला दिवसभर माझ्यावर टाकून जातेस, मी काय करायचं नाही तेही तूच सांगणार? शिकलेली सून आणली आणि नातीला मुकी करून ठेवली."

"तुम्हाला त्या जागी काही ऐकू येत नाही?"

"मला ऐकू येतं ना! रोज ऐकू येतं. मला वाटतं तीच बोलली." सासूबाई खाली बसल्या. आवाज एकदम खाली आला. "रोज वाटतं, लेटी. म्हणून तर लावते."

मी तबकडी ॲप्रनमध्ये गुंडाळली. ओपल उठून फोनोग्राफपाशी गेली आणि कर्ण्यात कान घातला. तबकडी माझ्या काखेत होती, यंत्र बंद होतं. ती बराच वेळ ऐकत होती, आणि मध्येच तिने मान डोलावली.

५

ध्वनिमुद्रण मंगळवारी सकाळी दहाला होतं. मी माझ्या खोलीत होते. दहा वाजता पाणी प्यायला बाहेर आले तर जिन्यापाशी काढलेल्या बुटांत ओपलचेही बूट दिसले. खोलीत करकर होऊ नये म्हणून हॅवरकँप सगळ्यांना बूट काढायला लावतो. बुटांच्या शेजारी सासूबाईंची छत्री होती.

रविवारी चर्चच्या दारात त्याने त्यांना गाठलं होतं, हे मला नंतर कळलं. "मोठा कर्णा आहे, खरी वाद्यं आहेत, कदाचित बोलेल," एवढंच तो म्हणाला. त्यांना तेवढं पुरे होतं. मलाही एखादे दिवशी पुरलं असतं, हे मी लपवत नाही.

मी दार ढकललं तेव्हा घंटा वाजून गेली होती. ती घंटा झाली की मेण फिरायला लागतं, आणि मग त्या खोलीत कुणी शिंकतसुद्धा नाही. एकदा एका चेलोवादकाला गांधीलमाशी चावली होती, तो रडला, पण आवाज न करता. मीही सवयीने दारातच खिळले. बारा फूट, माझ्या डोक्याने मोजलं.

खिडक्या बंद, मेण मऊ राहावं म्हणून खोली तापवलेली. मिस टीग नावाची गायिका कर्ण्यापुढे गात होती, हॅवरकँपचा हात तिच्या पाठीवर. तिच्या शेजारी खोक्यावर, मोज्यांत, माझी ओपल उभी. चेहरा कर्ण्यापासून वीतभर अंतरावर. सासूबाई भिंतीशी, हातात हातरुमाल.

"दिवे लागले, ताट वाढलं, ये गं आता घरी."

वाद्यं थांबली. हॅवरकँपने मिस टीगला मागे ओढलं.

एक.

ओपल पुढे वाकली. तिने तोंड उघडलं.

कर्ण्याचं काम एकच, आवाज आत घेणं. त्याच्या मागे भिंत, भिंतीपलीकडे यंत्र. त्यातून बाहेर काही येत नाही, कधीच नाही. पण ओपलच्या कपाळावरचे केस हलले. मागे उडाले, हळूहळू, जसं समोर कुणीतरी श्वास सोडत असावं. आणि कर्ण्याच्या आतल्या काळोखात, जिथे तो निमुळता होत मुठीएवढा होतो, तिथे काहीतरी तिच्याकडे बघण्यासाठी वाकलेलं होतं. मी ते पाहिलं असं म्हणत नाही. मला एवढंच दिसलं की तिथला काळोख मघापेक्षा जवळ होता.

दोन.

"ती येणार नाही!" मी ओरडले.

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. ट्रॉम्बोनवाला दचकून भिंतीवर आदळला. मी धावले, ओपलला खोक्यावरून उचललं आणि कर्ण्याकडे पाठ करून उभी राहिले.

"बाई!" हॅवरकँपचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "मेण गेलं! सबंध मेण गेलं!"

"दुसरं लावा."

"लावणारच आहे. तुम्ही बाहेर व्हा."

"लावा. मी दुसऱ्यांदा ओरडेन. तिसरं लावा, तिसऱ्यांदा ओरडेन. या इमारतीत जेवढं मेण आहे तेवढं आणा. त्या चार ठोक्यांत माझी मुलगी बोलणार नाही, आणि दुसऱ्या कुणाची मुलगीही नाही."

"लेटी, लोकांसमोर," सासूबाई पुटपुटल्या.

"हो आई, लोकांसमोर. तुम्ही तिला रोज सांगताय ना, बोल म्हणून? आज मी बोलतेय."

त्या रडायला लागल्या, छत्री घेतली आणि जेवण बघायचं आहे म्हणत घरी निघून गेल्या. आमच्या घरात भांडण कितीही मोठं असलं तरी बटाटे वेळेवर शिजतात.

६

मला काढून टाकण्याआधी हॅवरकँपला मी काय केलं ते मला ऐकवायचं होतं. ताजं मेण वाजवलं की ते कायमचं खराब होतं. पण हे खराबच होतं. त्याने सुई ठेवली. वादक बूट घालत होते.

मिस टीगचं कडवं. विराम. एक ठोका, दुसरा, आणि माझी किंकाळी, बरोबर बारा फुटांवरून. एका व्हायोलिनवाल्याला हसू आलं.

मग पावलं ऐकू आली.

लहान पावलं, टाचेला लोखंडी नाल असलेल्या बुटांची, पूर्वीच्या मुली घालत तशी. कर्ण्याच्या तोंडापासून सुरू झाली. माझा कान मोजत होता, मी नको म्हणत असताना. एक फूट. चार. आठ.

बारा. तिथे थांबली.

"कुणाची पावलं?" हॅवरकँपने विचारलं. तो पहिल्यांदाच मला खरोखर काहीतरी विचारत होता. त्याने ओपलच्या मोज्यांकडे पाहिलं, स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं, आणि मग दाराकडे, जिथे मी उभी होते. आता तिथे कुणी नव्हतं. म्हणजे दिसत नव्हतं.

त्याने मेण यंत्रावरून काढलं आणि तासणीवर घातलं. पापुद्रे खाली पडत राहिले. व्हायोलिनवाला हसायचा थांबला होता.

आजच्या ध्वनिमुद्रणाचं कार्ड टेबलावर होतं, अजून कोरं. मी ओपलला कडेवर घेऊन एका हाताने पेन्सिल उचलली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "विरामाची जागा भरली आहे. पुन्हा मोकळी सोडू नये." खाली सही केली, पूर्ण नावाने. पाच वर्षांत माझं अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं.

७

आम्ही नदीकाठाने घरी चालत गेलो. भर दुपार, रस्त्यावर टोमॅटोच्या गाड्यांची रांग, फुटलेल्या टोमॅटोंवर माशा. इतक्या उन्हात माणसाला घाबरायची लाज वाटते. मी तर्क करत होते. मेणात बुडबुडा असेल. ट्रॉम्बोनवाल्याचा पाय असेल. तर्क चांगले होते, मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. तरी चालताना मी एकदाही थांबले नाही, कारण आम्ही थांबलो तर आमच्यामागे काय थांबतं ते मला ऐकायचं नव्हतं.

ओपल माझं बोट धरून चालत होती. दर थोड्या अंतराने मान वळवून मागे बघत होती, हात धरून चालणाऱ्या मुली दुसऱ्या मुलींकडे बघतात तशी. तिला भीती वाटत नव्हती. ती रागावली होती.

घराच्या पायऱ्या चढलो. माश्यांसाठी जाळी लावलेलं दार सासूबाईंनी उघडून धरलं. डोळे सुजलेले, ॲप्रनवर पीठ. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून त्या ओपलशी बोलल्या, आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने तोंडात तेच शब्द आले.

"ताट वाढलंय. ये गं आता घरी."

तीच ओळ होती, हे माझ्या लगेच लक्षात आलं. त्यांनाही कळलं, त्यांनी हात तोंडावर नेला. पण हाक मारून झाली होती.

एक, मी मोजलं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. सकाळी तो सगळा वापरून झाला होता.

दोन. खालच्या पायरीवर, लाकडावर, लोखंड टेकल्याचा बारीक आवाज झाला.

ओपलने माझं बोट सोडलं. ती उंबऱ्यावर चढली, वळली, आणि दोन्ही हात पसरून दाराची चौकट धरली, हात पोहोचले तेवढी. तिने रिकाम्या पायरीकडे पाहिलं. तिची छाती वर आली, आणि या वेळी तो श्वास तिचा एकटीचा होता.

"तू नाही," ती म्हणाली.